उडी

मे महिन्यात सक्करदऱ्यात रात्री अकरालाही
भिंतींना हात लावू नये.
खाली गोदामात बाबा कूलरच्या जाळीत वाळा भरतात,
वरच्या खोलीत मी
एका पोराला उडी मारायला शिकवते.

पोरगा बत्तीस पिक्सेलचा.
तलवार नाही, घोडा नाही,
खांद्यावर कागदाचा बडग्या,
तो इतवारीच्या छपरांवरून पलीकडे न्यायचा, जाळायला.
शबिस्तानं काढला, मोमिनपुऱ्यात
लग्नांच्या मेंदीतून हात मोकळा होईल तेव्हा.
चालण्याची आठ चित्रं,
धापा टाकण्याची तीन,
मरण्याचं एकही नाही.
"मरायचं कशाला? पडेल अन् उठेल."
मी वाद घातला नाही.

पहिल्या रात्री तो जमिनीतून आरपार गेला.
जमीन होती, पण नुसती दिसायला.
पाय टेकतात ती वेगळी असते,
ती मी घातलीच नव्हती.
तो पडत राहिला,
उणे चारशे, उणे नऊ हजार,
मी जेवून, भांडी घासून आले
तरी पडतच होता.
कॉलेजची चार वर्षं मला तेव्हा नीट कळली.

मग गुरुत्वाकर्षण.
पुस्तकातला आकडा घातला
तर पोरगा फुग्यासारखा तरंगतो.
तीस केला, धोंडा.
बावीस. चोवीस. साडेतेवीस.
बाबा पाणी प्यायला वर आले,
"काऊन वो, अजून जागीच?"
"उडी बसत नाही, बाबा."
ते पडद्याकडे बघत राहिले, ग्लास हातात.
"पंपाचंही असंच राहते.
कंपनीचा आकडा येगळा,
आपल्या पाण्याचा येगळा."

पुण्याच्या स्टुडिओतले तिघं व्हिडिओवर बोलले.
नवख्यांसाठीच जागा होती,
अनुभव दोन वर्षं हवा होता.
"आजवर काय शिप केलंय?"
मी म्हटलं, दर एप्रिलमध्ये दोनशे कूलर,
वर्ध्यापर्यंत.
हसले. वाईट नाही हसले.
मग त्यातल्या एकीनं
माझ्या कागदावरच्या रिकाम्या जागेवर बोट ठेवलं,
"डिग्रीनंतर हे एकवीस महिने?"
माझ्या मागे कूलर घरघरत होता.
मी म्हटलं, आवाज तुटतोय का?
तुटत नव्हता.

उडीत एक लबाडी असते.
पोरगा छपराची कड सोडून पुढे जातो,
पायाखाली काही नाही,
तरी सहा फ्रेम,
म्हणजे सेकंदाचा दहावा भाग,
बटण दाबलं तर धरून चालायचं
की तो अजून कडेवरच आहे.
खेळणाऱ्याला वाटतं, आपण वेळेवर दाबलं.
एवढी सूट मी माझ्या हातानं लिहिली आहे,
चार ओळींत,
आणि तिच्यावर टीप टाकली नाही.
हे त्या तिघांना सांगायचं होतं.
त्यांची वेळ संपली. कळवतो म्हणाले.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी
गल्लीतून बडग्या गेला, मागून ताशा, मागून धूर,
"घेऊन जा गे मारबत!"
काय काय घेऊन जा म्हणाले, ते गोंगाटात नीट कळलं नाही.
मी मनात एकवीस महिने म्हटलं.
मग परत घेतलं. त्यातच तर साडेतेवीस सापडला होता.

निमज्यांचा सोमू, वय नऊ, जिन्यात बसलेला,
माझा फोन हातात.
तिसऱ्या छपरावरून अकरा वेळा पडला.
मिरवणुकीकडे मान वर केली नाही.
पुण्याचं काही आलं नव्हतं,
आलं असतं तर फोन त्याच्याकडेच होता.
बाराव्या वेळी
कड सुटली. मी पाहिलं. स्पष्ट सुटली.
त्याचा अंगठा उशिरा पडला.
पोरगा उडाला,
चौथं छप्पर गाठलं,
आणि सरळ भिंतीत घुसला.

"ताई," सोमू म्हणाला,
"तुमचा पोट्टा अडकला वो."
मी जिन्यात त्याच्याशेजारी बसले.
"कुठून उडाला होता? दाखव परत."